बीपी शंभर होतं, मग शॉक कसा?

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर,

माझी मुलगी १९ वर्षांची आहे, वजन ४८ किलो. गेल्या महिन्यात तिला डेंगी झाला. चार दिवस १०२–१०३ ताप होता. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि आम्हाला हायसं वाटलं. पण ती उलट जास्तच मलूल झाली. पोटात दुखतंय म्हणाली, दोन-तीनदा उलटी झाली, हातपाय गार लागत होते. अशक्तपणा असेल म्हणून तळपायांना सुंठ चोळली, गरम पाण्याची पिशवी दिली. घरच्या मशीनवर बीपी १००/८४ आलं, नाडी १२४. वरचा आकडा शंभर आहे म्हणजे ठीक, असं समजून संध्याकाळपर्यंत थांबलो. सकाळपासून तिला लघवीच झाली नव्हती, हे नंतर लक्षात आलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा हात धरला, नख दाबून पाहिलं आणि म्हणाले, ही शॉकमध्ये आहे, आयसीयूत घ्या. ती तर त्यांच्याशी नीट बोलत होती! प्लेटलेट ५२ हजारांवर आल्या होत्या, तरी त्या चढवल्या नाहीत, फक्त सलाईन लावलं. दोन दिवसांनी तेही बंद करून लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. आता ती घरी आहे, जेवते आहे. रिपोर्ट सोबत जोडले आहेत. बीपी शंभर असताना शॉक कसा? आम्ही थांबलो त्यात तिचं कायमचं काही नुकसान झालं का? आणि कालपासून धाकट्याला (१५ वर्षं, ५० किलो) ताप आहे. माझी तर झोपच उडाली आहे.

— एक आई, सातारा

उत्तर

नमस्कार ताई,

पत्र आज सकाळी मिळालं. घरात दुसरा तापाचा पेशंट आहे, म्हणून उत्तर आजच देतो आहोत. धाकट्याबद्दल सविस्तर शेवटी येईलच, पण त्याआधी दोन गोष्टी करून घ्या. त्याला पॅरासिटॅमॉलखेरीज ताप-अंगदुखीची दुसरी कुठलीही गोळी देऊ नका, आणि आजच त्याचा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बीपीचं मशीन रक्ताचा दाब मोजतं. अवयवांपर्यंत मिनिटाला किती रक्त पोचतंय, हे ते मोजत नाही. शॉक म्हणजे हे पोचणंच कमी पडणं. अवयवांच्या पेशींना लागतो तेवढा प्राणवायू रक्तातून मिळेनासा होतो. दाब दोन गोष्टींवर ठरतो: हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं आणि रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत. पहिली गोष्ट कमी झाली तरी दुसरी वाढवून शरीर दाब बराच वेळ टिकवून धरतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमकं हेच चाललं होतं, आणि ते तिच्या रिपोर्टवरून आकड्यांत दाखवता येतं.

तुम्ही पाठवलेल्या सीबीसीच्या दोन कागदांवर ‘पीसीव्ही’ अशी एक ओळ आहे. काही लॅब तिलाच ‘एचसीटी’ किंवा हिमॅटोक्रिट म्हणतात. रक्ताच्या १०० भागांत लाल पेशींचा वाटा किती, हे ती सांगते. तापाच्या दुसऱ्या दिवशी हा आकडा ३८ होता, पाचव्या दिवशी संध्याकाळी ४७. तीन दिवसांत लाल पेशी एवढ्या वाढत नसतात. दूध आटलं की साय-साखर तेवढीच राहून फक्त पाणी कमी होतं, तसं हे आहे: लाल पेशी होत्या तेवढ्याच होत्या, भोवतालचा द्रव निघून गेला. ४८ किलोच्या मुलीच्या अंगात साधारण ३.३ लिटर रक्त असतं. त्यात लाल पेशींचा वाटा ३८ टक्क्यांवरून ४७ वर जायचा तर जवळजवळ ६५० मिलिलिटर द्रव वाहिन्यांबाहेर गेलेला असावा लागतो. म्हणजे एकूण रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा. तोही बाहेर एक थेंब रक्त न सांडता, आणि पोटात जे काही पाणी-सरबत गेलं ते धरून.

हा द्रव गेला कुठे? डेंगीचा विषाणू ‘एनएस१’ नावाचं प्रथिन रक्तात सोडतो. हेच प्रथिन आपण तपासणीत शोधतो. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला साखर-प्रथिनांचा एक नाजूक थर असतो, तो या प्रथिनामुळे आणि शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराच्या गदारोळात खराब होतो. मग वाहिन्यांच्या भिंतीतून पाणी, मीठ आणि प्रथिनं पाझरू लागतात. द्रव फुप्फुसाभोवती साठतो, पोटात साठतो, पित्ताशयाची भिंत सुजते. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं असेल, पाहा. पाझर सुरू होतो तो बहुतेकदा तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, नेमका ताप उतरण्याच्या सुमारास, आणि २४ ते ४८ तास चालतो. डेंगीत सगळ्यात फसवी गोष्ट हीच आहे. इतर तापांत ताप उतरला की माणूस उठून बसतो. डेंगीत ताप उतरून माणूस जास्त गळाला, तर तो आजाराचा अवघड टप्पा सुरू झाल्याचा इशारा समजायचा.

रक्ताचं आकारमान कमी झालं की हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि प्रत्येक ठोक्याला पुढे फेकलं जाणारं रक्तही घटतं. मानेतल्या मोठ्या धमन्यांत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. ताण कमी झाल्याचं ते लगेच मेंदूच्या तळाशी कळवतात. अ‍ॅड्रिनालिन आणि नॉरअ‍ॅड्रिनालिन सुटतात, हृदय जोरात धावू लागतं (नाडी १२४ त्यामुळेच), आणि त्वचा, आतडी, मूत्रपिंडं यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हृदय आणि मेंदूचा पुरवठा मात्र शरीर शेवटपर्यंत राखतं. मूत्रपिंडाकडून रेनिन सुटतं, त्यातून वाहिन्या आणखी आवळतात आणि मीठ धरून ठेवलं जातं. मेंदूतून सुटणारं दुसरं एक संप्रेरक लघवीतलं पाणी परत ओढून घेतं.

आता तुमच्या मशीनवरचा आकडा पुन्हा पाहा. १०० आणि ८४. तिचं एरवीचं बीपी ११०/७० च्या आसपास असेल, म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यात ४० चं अंतर. त्या दिवशी ते १६ वर आलं होतं. हे अंतर ढोबळमानाने एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं ते सांगतं. ते आक्रसलं म्हणजे ठोका रिकामा पडत चालला. आणि खालचा आकडा ७० वरून ८४ वर गेला, कारण वाहिन्या घट्ट आवळल्या होत्या. गंमत म्हणजे सरासरी दाब काढला तर तो आधीपेक्षा थोडा जास्तच भरतो: ११०/७० ला ८३, १००/८४ ला ८९. निव्वळ दाबावर विश्वास ठेवला तर तब्येत सुधारली असंच वाटेल! म्हणून डेंगीत वरचा आकडा एकटा वाचायचा नाही. दोन्हींची वजाबाकी करायची. ती २० किंवा त्याहून कमी आली, तर वरचा आकडा १०० असो की ११०, पेशंट शॉकमध्ये आहे असंच धरून चालतात.

वरचा आकडा खरोखर कोसळतो तो फार उशिरा. अपघातात रक्त वाहून गेलेल्या निरोगी मोठ्या माणसांत साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंत रक्त गेलं तरी काही कळत नाही. १५ ते ३० टक्क्यांत नाडी वाढते, आकड्यांतलं अंतर कमी होतं, वरचा आकडा मात्र टिकून असतो. तो घसरायला लागतो ३० टक्क्यांच्या पुढे. तुमची मुलगी १९–२० टक्क्यांवर होती. तरुण रक्तवाहिन्या जोरकस आवळतात, त्यामुळे तरुण पेशंट शेवटच्या पायरीपर्यंत बरा दिसतो आणि मग एकदम ढासळतो. वयस्कर माणसाचं याउलट असतं. ज्यांचं बीपी एरवी १५० असतं त्यांचं ११० आलं, तर तो आकडा कागदावर कितीही छान दिसला तरी ४० ची घसरण आहे. आणि जे बीपीसाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्या घेतात, त्यांची नाडी शॉकमध्येही फारशी वाढत नाही. घरात आजी-आजोबा असतील तर हे लक्षात ठेवा.

तुम्ही लिहिलेलं प्रत्येक लक्षण या साखळीत चपखल बसतं. हातपाय गार पडले, कारण त्वचेचा पुरवठा काटून तो आतल्या अवयवांना दिला होता. नख दाबून सोडल्यावर रंग उशिरा परतला तोही त्यामुळेच. लघवी झाली नाही कारण मूत्रपिंडांना रक्त कमी पडत होतं. ४८ किलोच्या माणसाला तासाला निदान २४ मिलिलिटर, म्हणजे सहा तासांत दीडशे मिलिलिटर लघवी व्हायलाच हवी. पोटदुखीमागे यकृताची सूज, पोटात साठणारा द्रव आणि आतड्यांचा कमी झालेला पुरवठा ही सगळीच कारणं असतात. आणि ती नीट बोलत होती, कारण मेंदूचा वाटा राखलेला होता. डेंगीच्या शॉकमध्ये पेशंट अगदी शेवटापर्यंत शुद्धीवर राहू शकतो. अनेक घरांत वेळ जातो तो ‘बोलतोय ना, मग काय’ या एका वाक्यापायी.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. गरम पाण्याची पिशवी आणि चोळणं यांनी हात ऊबदार लागतात, पण शरीराने मुद्दाम आवळून ठेवलेल्या त्वचेच्या वाहिन्या त्याने सैल पडतात, शिवाय कमी रक्त असलेली त्वचा चटकन भाजते. चादर पांघरा, तेवढं पुरे. तुम्ही जे केलंत ते प्रत्येक घरात करतात, त्यासाठी स्वतःला बोल लावू नका.

आता कायमच्या नुकसानीचा प्रश्न. प्राणवायू मिळत असताना पेशी ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऊर्जेची तीसेक एककं बनवते. प्राणवायूशिवाय तिला जेमतेम दोन मिळतात, आणि उपउत्पादन म्हणून लॅक्टेट साठतं. रक्तातलं लॅक्टेट एरवी २ च्या खाली असतं. ते ४ च्या वर गेलं तर परिस्थिती गंभीर समजतात. ऊर्जा संपली की पेशीच्या भिंतीवरचे सोडियम-पोटॅशियमचे पंप मंदावतात, पाणी आत शिरून पेशी फुगते. रक्त आम्लधर्मी होतं आणि ते आम्ल कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर टाकायला माणूस भराभर, खोल श्वास घेऊ लागतो. इथवर सगळं मागे फिरवता येतं. पुरवठा पुन्हा सुरू झाला की पेशी सावरतात. हीच अवस्था तासन्‌तास ताणली गेली तर मात्र आतड्यांचा अडसर मोडून तिथले जंतू-विषारी घटक रक्तात येतात, यकृत रक्त गोठवणारे घटक बनवेनासं होतं, अंगभर बारीक गुठळ्या आणि त्याच वेळी रक्तस्राव सुरू होतो, मूत्रपिंडं बंद पडतात, आम्लामुळे हृदयाचं आकुंचन दुबळं होतं आणि आवळलेल्या वाहिन्या औषधांनाही दाद देत नाहीत. तिथून परत आणणं फार कठीण.

तुमच्या मुलीचं लॅक्टेट दाखल होताना २.८ होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी १.४. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन पूर्ण वेळ ठीक होतं. सलाईन सुरू झाल्यावर लघवी लगेच वाढल्याची नोंद आहे. याचा अर्थ ती परतीच्या टप्प्यातच हाताला लागली. कायमचं नुकसान झाल्याची कुठलीही खूण या कागदांत नाही. थकवा दोन-चार आठवडे राहील. दोन-तीन महिन्यांनी केस जास्त गळतील, तेही आपोआप थांबतं. एक नोंद तिच्या फाइलवर ठळक करून ठेवा: डेंगीचे चार प्रकार आहेत. एकाची बाधा झाली की त्या प्रकारापासून संरक्षण मिळतं, पण पुढे दुसऱ्या प्रकारचा डेंगी झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. पुढे कधी ताप आला तर डॉक्टरांना हे पहिल्याच दिवशी सांगायचं.

प्लेटलेट का दिल्या नाहीत, याचं उत्तर आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल. तिचा त्रास रक्त न गोठण्याचा नव्हता, वाहिन्यांतला द्रव कमी पडण्याचा होता. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेट डेंगीत काही तासांत नष्ट होतात, पाझर थांबवत नाहीत, आणि उगाच द्रवाची भर टाकतात. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या देत नाहीत. आपल्याकडे नातेवाईक रोज फक्त प्लेटलेटचा आकडा विचारतात, रात्री-अपरात्री रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवतात, पपईच्या पानांचा रस आणि शेळीचं दूध शोधत फिरतात. ती धावपळ प्रेमापोटी असते, पण त्यात पीसीव्ही विचारायचा राहून जातो. प्लेटलेट भराभर उतरत असताना पीसीव्ही चढत असेल, तर तो धोका आहे.

सलाईनचंही मोजमाप असतं. वरचा आकडा टिकून असलेल्या शॉकमध्ये मोठ्या माणसाला नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट पहिल्या तासात किलोमागे ५ ते १० मिलिलिटर देतात. तिच्या वजनाला २४० ते ४८० मिलिलिटर. मग नाडी, आकड्यांतलं अंतर, लघवी आणि पीसीव्ही पाहून वेग उतरवत आणतात: किलोमागे तासाला ५–७, मग ३–५, मग २–३. बीपी कोसळलेलं असेल तर किलोमागे २० मिलिलिटर पंधरा मिनिटांत द्यावे लागतात. ग्लुकोजची बाटली इथे कुचकामी आहे. ५०० मिलिलिटर ग्लुकोजमधले जेमतेम ४० मिलिलिटर वाहिन्यांत टिकतात, बाकीचं अंगभर पसरतं. सलाईनचा साधारण चौथा हिस्सा टिकतो. सलाईन देऊनही पेशंट सुधारत नाही आणि पीसीव्ही एकदम खाली आला, तर आत कुठेतरी रक्तस्राव होतोय असं समजून रक्त द्यावं लागतं. म्हणून आयसीयूत दर काही तासांनी बोटभर रक्त काढत होते.

आणि लघवीचं इंजेक्शन? दोन दिवसांनी वाहिन्यांची भिंत सावरते आणि बाहेर साठलेला द्रव आपण होऊन परत आत येऊ लागतो. तेव्हाही सलाईन चालूच ठेवलं तर रक्ताचं आकारमान गरजेपेक्षा वाढतं, फुप्फुसांत पाणी होतं आणि धाप लागते. डेंगीच्या शॉकमधून वाचलेले पेशंट या चुकीत दगावू शकतात. तुमच्या डॉक्टरांनी योग्य वेळी सलाईन बंद केलं आणि जादा पाणी बाहेर काढलं. त्या दिवसांत तिच्या अंगावर लाल पुरळ उठून मध्ये पांढरे ठिपके दिसले असतील, तळहात-तळपाय खाजले असतील. ती बरं होत असल्याची खूण होती.

हे सगळं डेंगीच्या शॉकबद्दल झालं. ते सरसकट सगळीकडे लावू नका. हार्ट अटॅकनंतर हृदयाचा पंपच दुबळा पडतो. तिथे भरभरून सलाईन दिलं तर ते फुप्फुसात साठतं. अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गात वाहिन्या सैल पडतात, म्हणून सुरुवातीला हात उलट गरम असतात आणि आकड्यांतलं अंतर रुंदावतं. तिथे सलाईनबरोबर तासाभरात अँटिबायोटिक आणि अनेकदा नॉरअ‍ॅड्रिनालिनचा ड्रिप लागतो. फुप्फुसाच्या धमनीत मोठी गुठळी अडकली किंवा हृदयाभोवती पाणी दाटलं, तर अडथळा काढल्याशिवाय सुटका नाही. मधमाशीच्या डंखाने किंवा इंजेक्शनच्या अ‍ॅलर्जीने बीपी पडलं, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत अ‍ॅड्रिनालिन, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, हेच पहिलं औषध आणि तेही मिनिटांत. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशात तर आधी वाहिन्या भयंकर आवळतात, बीपी चढतं, त्या भाराखाली हृदय थकतं, फुप्फुसात पाणी होतं आणि मग शॉक येतो. तिथे वाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची गोळी जीव वाचवते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात हे दाखवून दिलं आणि असंख्य माणसं वाचली. बाहेरून बहुतेक असेच घामेजलेले, गार, गळालेले दिसतात. कारण वेगळं असतं, म्हणून औषधही उलटसुलट असू शकतं. घरच्यांनी ओळखायचं ते एवढंच की माणूस शॉकमध्ये चाललाय. बाटली कुठली, हे दवाखान्यात ठरू द्या.

आता धाकटा. ताप कालपासून, म्हणजे आज दुसरा दिवस. हा दिवसांचा हिशेब कॅलेंडरवर लिहून ठेवा, पुढे सगळं त्यावर ठरतं. आज सीबीसी आणि एनएस१ करा. एनएस१ निगेटिव्ह आली तरी घरात नुकताच डेंगी होऊन गेलेला असताना ती डेंगी नाही याची खात्री देत नाही. आजच्या सीबीसीचा खरा उपयोग त्याचा पाझर सुरू होण्याआधीचा पीसीव्ही कळावा हा आहे. पुढची तुलना त्याच्याशीच होणार. उद्यापासून रोज एकदा, शक्यतो त्याच लॅबमध्ये सीबीसी करा, ते ताप उतरून ४८ तास होईपर्यंत. पीसीव्ही आजच्या आकड्यापेक्षा वर सरकू लागला की थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. एक पंचमांशाने, म्हणजे ४० चा ४८, चढला तर पाझर पक्का समजा.

पॅरासिटॅमॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत निदान सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, अ‍ॅस्पिरिन यांतलं काहीही नको. दुकानातल्या तापाच्या गोळ्यांत हे मिसळलेलं असतं, तेव्हा पाकिटावरची नावं वाचा. कमरेत इंजेक्शनही नको, प्लेटलेट उतरत असताना स्नायूत रक्त साठतं.

पिण्याचं दिवसभरात दोन ते अडीच लिटर, थोडं थोडं. ओआरएस (एका लिटरचं पाकीट असेल तर बरोबर एक लिटर पाण्यात), मीठ घातलेली तांदळाची पेज, ताक, नारळपाणी, लिंबू सरबत. नुसतं पाणीच पाणी देऊ नका, अंगातलं सोडियम उतरतं. कोकम सरबत, बीट, डाळिंबाचा रस या दिवसांत टाळा. उलटी झाली तर लाल रंग रक्ताचा की सरबताचा, हे कळत नाही.

एक वही करा आणि दर चार तासांनी चार गोष्टी लिहा. शेवटची लघवी कधी झाली. हातपाय कसे लागतात. हे थंडी वाजून गेल्यावर पाहा, कारण हुडहुडीतही हात गार असतात. पण अंग तापलेलं आणि पंजे गारठलेले असं थंडी थांबल्यावरही राहिलं तर ते वाईट. तिसरं, बोटाचं टोक हृदयाच्या पातळीवर धरून पाच सेकंद दाबा आणि सोडा, गुलाबी रंग दोन सेकंदांत परतला पाहिजे. नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर नखाऐवजी बोटाचं मांस दाबून पाहा. चौथं, आडवं झोपवून बीपी आणि नाडी, आणि लगेच वजाबाकी. अंतर ३० पर्यंत उतरलं तर डॉक्टरांना फोन करा. २० किंवा खाली आलं तर फोनही नंतर, आधी निघा. मशीनने पुन्हापुन्हा ‘एरर’ दाखवलं किंवा बोटावरचं ऑक्सिमीटर आकडाच देईना, तर सेल बदलत बसू नका. नाडी इतकी बारीक झाली आहे की यंत्राला सापडत नाही, असंही असू शकतं. अशा वेळी हातपाय गार असतील तर वेळ अजिबात नाही.

पोटात सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शौच, धाप, चिडचिड किंवा ग्लानी, उठून बसताच डोळ्यासमोर अंधारी, सहा तास लघवी नाही: यांतलं एकही दिसलं तर आकडे काहीही असोत, दवाखाना गाठा. ताप नुकताच उतरलेला असेल तर दुप्पट घाईने.

नेताना त्याला आडवं झोपवूनच न्या. दोघांच्या मध्ये दुचाकीवर बसवून नेणं पूर्ण टाळा. उभं धरलेल्या अंगातलं उरलंसुरलं रक्त पायांत उतरतं आणि वाटेतच शुद्ध हरपते. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. पाय थोडे उंच, अंगावर चादर, उलट्या होत असतील तर मान कुशीला, तोंडात बळेच काही घालू नका. ताप आहे तोवर त्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. डेंगीचा डास दिवसा चावतो, आणि त्याला चावलेला डास घरातल्या इतरांपर्यंत आजार नेतो.

कुठल्याही वेळी डॉक्टरांना फोन लावलात तर पहिल्या वाक्यात हे सांगा: तापाचा कितवा दिवस, पीसीव्ही किती होता आणि आता किती, बीपीचे दोन्ही आकडे, आणि शेवटची लघवी किती वाजता झाली.